वीरधवल रांजणेची कैफियत

वीरधवल रांजणे पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आला तेव्हा त्याच्या छातीशी एक निळी पेटी होती. लसीकरणाला येणाऱ्या नर्सबाईंच्या खांद्याला असते तसली, बर्फ भरलेली. माझं ऑफिस साताऱ्यात, कोर्टामागच्या बोळात, एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याला चढणाऱ्यासाठी भिंतीला चिकटावं लागतं. त्या जिन्यावरून पेटी दोन्ही हातांनी सांभाळत तो वर आला, खुर्चीत बसला, तरी त्यानं ती खाली ठेवली नाही. मागून त्याची बायको संयोगिता आली आणि भिंतीकडच्या बाकावर टेकली.

“मॅडम, ह्याच्यात एका म्हातारीचं रक्त हाय,” तो म्हणाला. “टाकून देऊ का ठिवू, एवढंच सांगा. दुसरं काय नको.”

एवढंच विचारायला वकिलाकडे कुणी येत नाही. मी म्हटलं, “ठेवा. आणि पहिल्यापासून सांगा.”

त्यानं सांगितलं. तो अडला की संयोगिता पुढचं सांगायची. नंतरचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखतच घडलं. त्याच्या परवानगीनं लिहिते आहे. कंपनीचं नाव मात्र लिहीत नाही, कारण प्रकरण अजून कोर्टात आहे.

वीरधवल जावळी तालुक्यातला, मेढ्याच्या वरच्या डोंगरातला. सैन्यात गेला तो नर्सिंग असिस्टंट म्हणून. बंदुकीपेक्षा त्याच्या हातात सुईच जास्त राहिली. लडाखच्या थंडीत जवानांच्या शिरा आत ओढल्या जायच्या, तिथं त्यानं रक्त काढलेलं. इकडच्या म्हाताऱ्या “कवा टोचतोस रं?” असं विचारेपर्यंत तो कापूस दाबून मोकळा झालेला असायचा. हवालदार होऊन तो निवृत्त झाला आणि घरी आला. बरोबरीचे लोक बँकेत सुरक्षारक्षक झाले. त्याला ते नको होतं.

डोंगरातल्या माणसाला साधी साखर तपासायची तर उपाशीपोटी एसटी पकडून साताऱ्याला यावं लागतं. पोचेपर्यंत अंधारी येते, आणि रिपोर्ट न्यायला पुन्हा एक खेप. म्हणून लोक तपासतच नाहीत, आणि तपासतात तेव्हा उशीर झालेला असतो. वीरधवलच्या मनात होतं ते एवढंच, की मेढ्यात एक गाळा घ्यायचा, वाड्यावस्त्यांवर मोटारसायकलनं जाऊन रक्त आणायचं, आणि ते चांगल्या लॅबला पाठवायचं.

चांगली लॅब त्याला फोनवरच्या जाहिरातीत सापडली. मोठी कंपनी, मुख्य कार्यालय गुरुग्रामला, तपासणीची प्रयोगशाळा पुण्यात. सांगलीला विश्रामबागेत त्यांची सभा होती. वीरधवल आणि संयोगिता पहाटेच्या गाडीनं गेले. एका मंगल कार्यालयात गार हवेच्या मशीनखाली खुर्च्या मांडल्या होत्या, कराड, तासगाव, कवठेमहांकाळ, कुठून कुठून माणसं आली होती. भरतेश चौगुले नावाचा विभागप्रमुख टाय लावून बोलला. तुमचा गाळा, आमचं नाव. रक्त तुम्ही घ्या, बाकी आमच्यावर सोडा. जेवणानंतर टेबलावर करारनामे आले. इंग्रजीत, जाडजूड.

“आवं, कुणाला तरी दाखवूया की आधी,” संयोगिता हळूच म्हणाली. “घरी नेऊन वाचू.”

“आजच्या आज सही केली तर तालुक्याला आपलं एकट्याचं केंद्र, म्हनत्यात. आन् सगळीच करायल्यात की. मी एकटाच मागं राहू व्हय?”

फौजेत साहेबांनी पुढं केलेल्या कागदावर वाद घालायचा नसतो, ही सवय त्याच्या हाडात होती. त्यानं पानापानावर सही केली. शेवटी भरतेशनं त्याच्याकडून काही कोरे चेकही सही करून घेतले. “फक्त सिक्युरिटी म्हणून, रांजणेसाहेब. फाईलला लावून ठेवायचे.” निवृत्तीच्या वेळी एकरकमी मिळालेलं होतं ते त्यानं तिथंच भरलं.

आपल्याकडं पोरगी द्यायची तर सात गावांत चौकशी करतात, आणि म्हैस घ्यायची तर धार काढून बघतात. आयुष्याची कमाई ज्या कागदावर टाकायची तो मात्र कुणाला दाखवत नाहीत. वकील दाखवायला सांगतो तो फीसाठी, असा एक समज आहे. तो करारनामा मी नंतर वाचला. सहीआधी आला असता तर अर्ध्या तासात मी त्याला सांगितलं असतं की हे पान बदलून घ्या, नाहीतर उठा तिथून. पाच वर्षं त्याला केंद्र बंद करता येणार नव्हतं, कंपनीला मात्र कधीही काढून घेता येणार होतं. भांडण झालं तर लवाद कंपनी नेमणार आणि तो बसणार गुरुग्रामला. आणि मधल्याच एका पानावर, दुसऱ्या कुठल्यातरी मथळ्याखाली, एक वाक्य होतं: रुग्णाच्या कोणत्याही तक्रारीची जबाबदारी केंद्रचालकाची राहील.

पहिलं वर्ष बरं गेलं. बरं म्हणजे फार बरं. पाटीवर कंपनीचं नाव होतं, पण लोक म्हणायचे फौजीची लॅब. सकाळी तो वस्त्यांवर जायचा, दुपारी पेटी कंपनीच्या गाडीत द्यायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोनवर रिपोर्ट यायचे. तो ते छापून ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचा.

बामणोलीकडच्या एका वाडीत हरणाबाई नावाची म्हातारी होती. तिचा मुलगा हंबीरराव जीपनं वडाप करायचा, म्हणजे वाटेत सीटवर माणसं भरून त्यांची ने-आण करायचा. म्हातारीला थकवा होता, पाय सुजायचे, गुडघे दुखायचे. वीरधवलनं घरी जाऊन रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: साखर ठीक, किडनी ठीक, सगळं ठीक. त्यानं स्वतः वाचून दाखवला. म्हातारी खूष झाली. “माझ्या आंगात काय न्हाई बघ, निस्तं वय हाय,” म्हणाली, आणि त्याच्या हातावर गूळशेंगा ठेवल्या. किडनी चांगली आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या ती खात राहिली.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपापली हत्यारं धुऊनपुसून पूजतात. फौजेत तो बंदुका पूजायचा, आता त्यानं ट्रे, सुया, पट्टे मांडायला काढले आणि गाळ्यातला फ्रिज बंद करून साफ करायला घेतला. मागच्या बाजूला बर्फाचा थर चढला होता. तो वितळू लागला तशी त्यात एक नळी दिसली. रक्तानं भरलेली. त्यावर त्याच्याच अक्षरात नाव होतं, हरणाबाईचं, आणि रक्त घेतल्या दिवसाची तारीख.

“मला वाटलं मी दोन नळ्या भरल्या असतील,” तो मला म्हणाला. “लय आठवून बघितलं. एकच भरली हुती. ती हितंच राहिली, यादीत निस्तं नाव गेलं. मग मॅडम, रिपोर्ट कशाचा आला?”

त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही. स्वतःच्या हातानं स्वतःचं रक्त काढलं, स्वतःच्याच नावानं पाठवलं, आणि रक्तगट तपासायला सांगितला. फौजीला आपला रक्तगट विसरता येत नाही. गळ्यातल्या बिल्ल्यावर तो वीस वर्षं छापलेला असतो. वीरधवलचा ओ निगेटिव्ह. रिपोर्ट आला बी पॉझिटिव्ह. खाली डॉक्टरची सही, शिक्का, सगळं जिथल्या तिथं.

गाळ्याचं शटर ओढून तो थेट हरणाबाईच्या वाडीला गेला. घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, म्हातारीला आदल्या दिवशी जीपमध्ये घालून साताऱ्याला नेलं, लघवी बंद झाली म्हणून. तो तसाच सरकारी दवाखान्यात पोचला. तिथं खरी तपासणी झाली होती. दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. दुखण्याच्या गोळ्यांनी उरलंसुरलं नेलं होतं.

हंबीरराव वॉर्डाबाहेर उभा होता. वीरधवलनं त्याला तिथंच सगळं सांगितलं, नळीचंही. हंबीररावानं शेवटपर्यंत ऐकलं, मग त्याच्या छातीवर दोन्ही हात मारून त्याला भिंतीवर ढकललं.

“आमी कंपनी बघितली न्हवती, वीरू. आमी तुला बघितलं हुतं.”

करारातलं केंद्रचालकाच्या जबाबदारीचं ते वाक्यही ह्यापेक्षा फार वेगळं सांगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीला कळवलं की केंद्र बंद करतो आहे आणि का. उत्तर वकिलाच्या नोटिशीच्या रूपानं आलं: करार मोडला, बदनामी केली, भरपाई द्या. मागोमाग ते कोरे चेक कंपनीनं आकडे घालून बँकेत टाकले. ते परत आले. चेक न वटल्याची नोटीस निघाली. ती घेऊन तो सांगलीला गेला, भरतेशला गाठायला. विश्रामबागेतल्या कंपनीच्या ऑफिसच्या जागी स्पर्धा परीक्षांचा क्लास सुरू झाला होता. वॉचमननं घर दाखवलं.

दार भरतेशच्या आईनं उघडलं. आक्काताई माझ्या ओळखीच्या आहेत, माझं माहेर सांगलीचं आणि आमचं लांबचं नातं लागतं. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं, आणि मुलाला हाक मारली. भरतेश बनियनवर बाहेर आला. दाढी वाढलेली. वीरधवल मला म्हणाला, “त्याला मारायच्या तयारीनं गेलो हुतो. गळ्याला हात घालणार एवढ्यात त्यो खालीच बसला.” भरतेशनंही तसल्याच करारावर सही केली होती, तसलेच चेक दिले होते, आईच्या नावावरचं घर तारण टाकलं होतं. पुण्यातल्या प्रयोगशाळेत यंत्रं कधीच बंद पडली आणि रिपोर्टवर ज्यांची सही असायची त्या डॉक्टरबाई नोकरी सोडून गेल्या, हे त्याला उन्हाळ्यातच कळलं होतं.

“कळलं हुतं तर सांगितलं का न्हाईस?”

“सांगितलं तर माझे चेक बँकेत पडले असते,” भरतेश म्हणाला.

आक्काताई आतून हे ऐकत होत्या. त्यांनीच माझं नाव दिलं. “साताऱ्याला आमची ब्राह्मी मगदूम वकील हाय. तिच्याकडं जावा. आन् भरतेश, तूबी जा, जे खरं हाय ते सांग.”

भरतेश त्या दिवशी आला नाही. वीरधवल आला, निळी पेटी घेऊन.

सगळं ऐकल्यावर मी त्याला म्हटलं, “आता मी सांगते ते नीट ऐका. नळी फेकायची नाही, कुणाला द्यायची नाही. पोलिसांत स्वतः अर्ज द्यायचा आणि पंचांसमोर नळी त्यांच्या ताब्यात द्यायची. चेकच्या नोटिशीला मुदतीत उत्तर देऊ. कोरा चेक सिक्युरिटीला दिला होता हे त्यात आत्ताच आलं पाहिजे, नंतर सुचलं असं वाटता कामा नये.”

“कोर्ट कुठलं? साताऱ्याचं?”

“नाही. कंपनीनं चेक ज्या बँकेत भरला तिथलं. गुरुग्राम.”

संयोगितानं डोळे मिटले. “तिकडं कोन हाय आपलं?” ती म्हणाली.

“पेन्शन घेत्याल का मॅडम माझी?” त्यानं विचारलं.

“पेन्शनला हात लावता येत नाही. दिवाणी हुकूमनामा झाला तरी नाही.”

एवढं एकच वाक्य होतं ज्यानं त्याच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. पुढचं मला सांगावंच लागलं. फसवणुकीनं झालेला करार रद्द करून मागता येतो, पण फसवणूक सिद्ध करावी लागते, आणि कंपनी आधी लवादाकडं बोट दाखवणार. लवाद एकट्या कंपनीनं नेमायचा हे हल्ली कोर्टात टिकत नाही, पण ते सांगायलाही तिकडं अर्ज करावा लागतो. आणि हंबीररावानं तक्रार दिली तर आरोपी म्हणून पहिलं नाव वीरधवलचं येईल.

“आन् बाकीची माणसं?” त्यानं विचारलं.

“कुठली?”

“ज्यांचं ज्यांचं रक्त मी घेतलं ती. अजून त्या कागदावर गोळ्या खात्यात, न्हाईतर खात न्हाईत. त्यांना सांगाय पायजे.”

वकील म्हणून मला जे बोलणं भाग होतं ते मी बोलले. तुम्ही दारोदार जाऊन “रिपोर्ट खोटे होते” असं सांगितलंत तर तो कबुलीजबाब होईल. उद्या प्रत्येक घरातून एक तक्रार येईल. आरोग्य खात्याला अर्ज देऊ, ते जाहीर करतील. थोडं थांबा.

“किती थांबू?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

“फौजेत, मॅडम, पाण्यात काय बिघाड हाय असं कळलं तर पहिल्यांदा शिट्टी मारायची, मग चौकशी. आधी चौकशी न्हाई.” तो उठला. “तुमी तुमचं वकिलीचं करा. मी माझं करतो.”

शेवटी मी एवढंच मान्य करून घेतलं की तो जे सांगेल ते लिहूनही देईल, आणि तो मजकूर मी तयार करेन: माझ्या केंद्रातून गेलेल्या तपासण्यांचे निकाल विश्वासार्ह नाहीत, कृपया सरकारी दवाखान्यात पुन्हा तपासणी करा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बदलू नका. खाली त्याचं नाव, फोन नंबर. आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी प्रत पोच केली. माझा सल्ला मोडून जाणाऱ्या पक्षकाराला निदान उघडाबोडका जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

पोलिसांत नळी जमा करून तो मोटारसायकलवर निघाला. मागं संयोगिता बसायची. ज्या घरांत पूर्वी त्याला चहा मिळायचा तिथं दारातच उभं राहून तो सांगायचा. कुणी शिव्या दिल्या. एका घरात पोटुशी सून होती, तिचं रक्त चांगलं आहे असा रिपोर्ट त्यानंच दिला होता. तिच्या सासऱ्यानं कुत्रं अंगावर सोडलं. पुढच्या आठवड्यात त्याच सासऱ्यानं फोन करून सांगितलं की सुनेच्या अंगात रक्त फार कमी निघालं, भरती केलंय. “बरं झालं आलास” असं काही तो म्हणाला नाही. निकाल सांगितला आणि फोन ठेवला. बनुबाई नावाच्या एका विधवेनं तर त्यालाच धीर दिला. “तुझ्या हातानं कवा दुखलं न्हाई रं लेकरा,” म्हणाली. संयोगिता म्हणते, कुत्र्यानं जे केलं नाही ते ह्या वाक्यानं केलं. परत येताना घाटात त्यानं गाडी थांबवली, कठड्यावर बसला, आणि त्याला उठवेना.

हरणाबाई दिवाळी झाल्यावर गेली. तिचं रक्त यंत्रावर शुद्ध करत होते, पण वय झालेलं, शरीरानं साथ दिली नाही. वीरधवल माती द्यायला गेला तेव्हा लोकांनी त्याला ओढ्यापाशीच अडवलं. तिसऱ्या दिवशी हंबीररावानं फिर्याद दिली. फिर्यादीत कंपनीचं नाव होतं, पुण्यातल्या प्रयोगशाळेचं होतं, पण पहिलं नाव वीरधवल रांजणे.

अटकपूर्व जामिनासाठी मी साताऱ्याच्या सत्र न्यायालयात उभी राहिले. त्यानं स्वतःहून नळी दिली, स्वतःहून लोकांना सावध केलं, हेच मी पुन्हा पुन्हा मांडलं. सरकारी वकील म्हणाले, म्हणजे आरोपीला सगळं माहीत होतं. माझ्या मनात जी भीती होती ती त्यांनी एका वाक्यात बोलून दाखवली. न्यायाधीशांनी बराच वेळ कागद वाचले आणि जामीन दिला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी. बाहेर आल्यावर संयोगितानं माझे हात धरले. वीरधवल म्हणाला, “जामीन कशाचा, मॅडम? मी काय पळून चाललो हुतो व्हय?”

ते दिवस त्याचे सगळ्यात वाईट गेले. गाळा मालकानं परत घेतला. पाटी उतरवताना लोक बघत उभे होते. त्याच्या मुलीला शाळेत कुणी “खोट्या रक्तवाल्याची” म्हणालं, तिनं शाळा टाकली. तिला संयोगितानं आपल्या माहेरी वाईला नेऊन ठेवलं. तो घरी कुणाशी बोलेना, जेवेना. एकदा संयोगितानं मला घाबरून फोन केला, “मॅडम, हे सकाळपासनं कुठंतरी गेल्यात, फोन हितंच टाकलाय.” मी पोलिसांना कळवायच्या बेतात होते तेवढ्यात तो माझ्याच जिन्यात बसलेला सापडला. किती वेळ बसला होता कोण जाणे.

“चेक भरून टाकू का?” तो म्हणाला. “गावाकडचं हाय ते इकतो. चेक मिटला की निदान तिकडचं तरी संपंल.”

“मिटवायचा असेल तर मिटवता येतो,” मी म्हटलं. “कायदा अडवत नाही. पण तुम्ही भरलंत की कंपनी म्हणणार, ह्यानं देणं मान्य केलं. मग फसवणुकीचं आपलं म्हणणं लंगडं पडेल. आणि तुमच्यासारखे आणखी किती आहेत, तेही आपल्याला माहीत नाही.”

“मग मी करू काय?”

“खाली चला. आधी काहीतरी खाऊ.”

हे काही कायद्याचं उत्तर नव्हतं. पण त्या दिवशी मिसळीच्या गाडीसमोर उभं राहून त्यानं अर्धी प्लेट खाल्ली, आणि मी संयोगिताला फोन लावून दिला.

आणखी किती आहेत, हे थोड्याच दिवसांत कळू लागलं. त्याचं ते पत्रक कुणीतरी फोनवर पुढं पाठवलं होतं. तासगावचा एक औषधविक्रेता आला, मग कराडचं एक जोडपं. त्यांनीही सही केली होती, त्यांनीही वाचलं नव्हतं. आणि एका दुपारी भरतेश आला. आक्काताईंना बरोबर घेऊन आला होता, किंवा खरं तर त्यांनीच त्याला आणला होता. प्रयोगशाळेची यंत्रं बंद असल्याचं त्यानं वरिष्ठांना कळवलं होतं, ते फोनमधले निरोप त्यानं पोलिसांना दिले. त्याचा जबाब झाला. त्याचेही चेक बँकेत पडले, त्याला भीती होती तसंच. आक्काताई आता विश्रामबागेतलं घर सोडून भावाकडं राहतात.

सगळ्यांची एकत्र तक्रार झाली, तपास आर्थिक गुन्ह्यांच्या शाखेकडं गेला. पुण्यातली प्रयोगशाळा सील झाली. कंपनीच्या दोन संचालकांना अटक झाली आणि ते सुटलेही. कंपनी दुसऱ्या नावानं दुसऱ्या राज्यात सुरू आहे, असं मी ऐकते. मला ते सिद्ध करता आलेलं नाही. दोषारोपपत्रात वीरधवलचं नाव अजून आहे. ते वगळावं म्हणून मी अर्ज दिला आहे. त्यावर तारखा पडताहेत. गुरुग्रामचा चेकचा खटलाही चालू आहे. तिकडं एका तरुण वकिलाला काम दिलंय, प्रत्येक तारखेला हजर राहण्यातून सूट मिळाली आहे, पण जबाबासाठी त्याला जावं लागलं. जनरल डब्यातून गेला, कोर्टाच्या आवारात दिवसभर उभा राहिला. न्यायाधीश रजेवर होते. परत आला.

आता तो साताऱ्यातल्या एका दवाखान्यात वॉर्डमध्ये काम करतो. रक्त काढायचं काम त्यानं मागून घेतलं नाही. दिलं तरी करत नाही.

गेल्या महिन्यात मी कोर्टातून परतले तर ऑफिसात हंबीरराव बसला होता. त्याला तिथं बघून मी दचकले. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

“वकीलबाई, माझ्या फिर्यादीतनं वीरूचं नाव काढायचं हाय. काय करावं लागंल?”

“भाऊ, मी तुम्हाला ते सांगू शकत नाही,” मी म्हटलं. “मी त्यांची वकील आहे. तुम्ही फिर्यादी आहात. मी तुम्हाला सल्ला दिला तर तुम्हाला मी फितवलं असं होईल.”

“मग कुणाला इचारू?”

“सरकारी वकिलांना. किंवा तुमचा स्वतःचा वकील करा. पण एवढं माहीत असू द्या, पोलिसांत दिलेली असली फिर्याद आपल्या मनानं मागं घेता येत नाही. साक्षीला उभं राहाल तेव्हा जे खरं ते सांगा.”

“खरं?” तो म्हणाला. “खरं म्हणजे माझी आई गेली. आन् खरं म्हणजे आमाला येऊन सांगितलं ते ह्यानंच, दुसऱ्या कुनी न्हाई. दोनी खरं हाय. ह्यातलं कंचं सांगू?”

“दोन्ही सांगा,” मी म्हटलं. त्यापलीकडं एक शब्द बोलणं मला शक्य नव्हतं, आणि कदाचित एवढंही बोलायला नको होतं.

त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि उठला. नेमका वीरधवल तारीख विचारायला जिना चढत होता. दोघांची गाठ जिन्याच्या मधोमध पडली. कुणालातरी भिंतीला चिकटावं लागणार होतं. वीरधवलनं पाठ भिंतीला लावली, मान खाली घातली. हंबीरराव त्याच्यासमोर क्षणभर थांबला. मग खाली उतरला आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागला.

वीरधवल वर आला. “काय म्हनत हुता?” त्यानं विचारलं.

“मला सांगता येणार नाही.”

त्यानं मान हलवली, खुर्चीत बसला, आणि पुढची तारीख लिहून घ्यायला पेन मागितलं.